'मेक क्लीन मार' हे उत्तर नाहीये

डोकं फिरलंय आज. परत तेच. हेडर (बऱ्याच सी फाईलींमध्ये इन्क्लूड होणारी सामायिक फाईल) बदललं, मेक मारलं, म्हणजे जे बदललंय तेवढंच परत कंपाईल करणारं टूल चालवलं, दोन-चार फाईली कंपाईल झाल्या, बाकीच्या जुन्याच राहिल्या, लिंक झालं, एक वॉर्निंग नाही, एक एरर नाही, आणि बोर्डवर टाकलं तर स्क्रीनवर तापमान ३७००. सेन्सर बदलून बघितला, केबल बदलून बघितली, हार्डवेअरवाल्या पोराला जेवणावरून उठवून आणलं, त्याने बिचाऱ्याने ऑसिलोस्कोप लावला, सिग्नल एकदम व्यवस्थित. आणि मग आमचे सीनियर, खुर्चीतून न उठता, लांबूनच, "अगं, मेक क्लीन मारलंस का?"

मारलं, म्हणजे आधी कंपाईल झालेलं सगळं पुसून परत पहिल्यापासून बिल्ड केलं. चाललं. आणि त्याचाच जास्त संताप येतोय.

झालं काय होतं, तर एका स्ट्रक्टमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या व्हेरिएबलच्या गठ्ठ्यात, तीन फील्ड होते, प्रत्येकी ४ बाइटचे, आयडी, तापमान, बॅटरी. आयडीच्या लगेच खाली कोणीतरी मोड नावाचा नवीन फील्ड घातला. म्हणजे तापमानाचा ऑफसेट, स्ट्रक्टच्या सुरुवातीपासूनचं अंतर, ४ होता तो ८ झाला. डिस्प्लेची फाईल नव्याने कंपाईल झाली, ती ८ वरून तापमान वाचते. सेन्सरची डॉट ओ, म्हणजे कंपाईल होऊन तयार झालेली फाईल, मात्र जुनीच, ती अजून ४ वर तापमान लिहितेय आणि ८ वर बॅटरीचे मिलिव्होल्ट. ते ३७०० म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज होतं! सोर्समध्ये एक ओळ चुकीची नव्हती. डीबगरमध्ये सेन्सरच्या फंक्शनमध्ये उभं राहून बघितलं तर तापमान बरोबर, डिस्प्लेच्या फंक्शनमध्ये गेलं की तोच व्हेरिएबल ३७००, स्ट्रक्टचा मेमरीतला पत्ता तोच. माणूस वेडा होईल नाहीतर काय. लिंकर, म्हणजे सगळ्या डॉट ओ एकत्र जोडणारा, त्याला फंक्शनची आणि ग्लोबल व्हेरिएबलची नावं जुळली की त्याचं काम झालं, स्ट्रक्टच्या आत कोण कुठे बसलंय हे तो तपासतच नाही, सी मध्ये तर नाहीच नाही.

आता सेन्सरची फाईल परत कंपाईल का नाही झाली? कारण मेकफाईलमध्ये, म्हणजे मेकला दिलेल्या सूचनांच्या फाईलीत, डिपेंडन्सीची, कुठली फाईल कशावर अवलंबून आहे त्याची, यादी कोणीतरी हाताने लिहून ठेवलीये. सेन्सर डॉट ओ साठी लिहिलंय सेन्सर डॉट सी, सेन्सर डॉट एच, कॉमन डॉट एच. बास. स्ट्रक्ट आहे टाइप्स डॉट एच मध्ये, आणि ते कॉमन डॉट एच च्या पोटातून इन्क्लूड होतं. यादीत नाव नाही म्हणजे मेकच्या दृष्टीने त्या फाईलीचा काही संबंधच नाही. मेक सी वाचत नाही, ते फक्त तुम्ही दिलेली यादी आणि फाईलींचे टाइमस्टॅम्प बघतं. यादी अर्धवट तर बिल्ड अर्धवट. आणि ही यादी कोण अपडेट ठेवणार? कोणी एका हेडरमध्ये एक इन्क्लूड वाढवला की त्या हेडरवर अवलंबून असलेल्या सगळ्या फाईलींच्या ओळी बदलायच्या? असं कोणीही करत नाही, कधीच केलेलं नाही, करणारही नाही.

आणि ज्याला हे सगळं पक्कं माहिती असतं तो तिथेच बसलेला असतो ना, कंपायलर! प्रत्येक डॉट सी कंपाईल करताना त्याचा पहिला टप्पा, प्रीप्रोसेसर, प्रत्येक हेडर स्वतः उघडून वाचतो. त्याला नुसतं विचारायचं. कंपायलर जीसीसी असो नाहीतर क्लँग, -एमएमडी हा पर्याय दिला की डॉट ओ च्या शेजारी एक डॉट डी फाईल तयार होते, त्यात सिस्टिमची सोडून बाकी सगळ्या हेडरांची यादी, तीही थेट मेकच्याच भाषेत. ती मेकफाईलच्या शेवटी -इन्क्लूड ने ओढून घ्यायची. झालं! दोन ओळींचं काम आहे, वेगळं टूल नको, वेगळा पास नको, कंपाईल करता करताच होतं.

यावर मला ऐकवलं जातं की पहिल्या बिल्डला डॉट डी नसतेच, मग? अहो पहिल्या बिल्डला डॉट ओ पण नसते, सगळंच कंपाईल होणार आहे, तेव्हा यादी हवी कशाला? आणि -इन्क्लूड मधला तो पुढचा मायनस त्याच्यासाठीच आहे, फाईल नसली तर मेक गप्प पुढे जातं. दुसरं कारण काय, तर पूर्वी कोणीतरी हे लावलं होतं, मग एक हेडर डिलीट केलं आणि मेक अडलं, "नो रूल टू मेक टार्गेट". जुन्या डॉट डी मध्ये त्या हेडरचं नाव राहिलेलं, म्हणून. तर त्या महाभागाने सगळंच उडवून टाकलं आणि कमिट मेसेजमध्ये लिहिलं "बिल्ड फिक्स". अरे, याच्यासाठीच -एमपी आहे! प्रत्येक हेडरचं एक रिकामं टार्गेट लिहून ठेवतं, हेडर गेलं तरी मेक अडत नाही. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय. पण वाचायचं नाही, काढून टाकायचं, आणि त्याची किंमत बाकीच्यांनी मोजायची.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? मेक हे टूल जन्मालाच यासाठी आलं. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने ते लिहिलं, कारण त्याचा सहकारी स्टीव्ह जॉन्सन, यॅक हे पार्सर बनवणारं टूल लिहिणारा, वैतागून त्याच्याकडे आला होता. बग आधीच फिक्स केलेला, पण ती फाईल परत कंपाईलच झाली नव्हती, आणि बरोबर असलेला प्रोग्रॅम डीबग करण्यात त्याची अख्खी सकाळ गेली होती. अगदी हेच! त्यानंतर बिल्डची किती टूलं आली, मेकडिपेंड आलं, ऑटोमेकने हे आपोआप करायला सुरुवात केली, निंजा तर डॉट डी वाचून स्वतःच्या लॉगमध्ये साठवून ठेवतं, सीमेक वापरलं तर तुम्हाला काही करावंच लागत नाही. आणि आम्ही हाताने याद्या लिहितोय.

बरं, बिल्ड सर्व्हरवर कोणाला काही दिसत नाही, कारण तिथे दर वेळी कोरं चेकआउट घेऊन, म्हणजे सगळा सोर्स नव्याने उतरवून, बिल्ड होतं. तिथे हिरवं आलं की म्हणणार "तुझ्याच मशीनवर प्रॉब्लेम आहे". नाही, प्रॉब्लेम मेकफाईलमध्ये आहे, फक्त जो रोज एकेक ओळ बदलून बिल्ड करतो त्यालाच तो चावतो. मग लोकं घाबरून दर वेळी क्लीन मारायला लागतात. एका कॉमेंटमधला स्पेलिंग बदलला तरी क्लीन. एका ओळीसाठी सगळा प्रोजेक्ट परत कंपाईल, सगळे स्क्रीनकडे बघत बसलेत, आणि नवीन आलेल्या फ्रेशर पोरांना पहिल्याच आठवड्यात हेच शिकवलं जातं की काही विचित्र दिसलं की क्लीन मार. त्या पोरांना वाटतं कंपायलरवर भरवसा ठेवायचा नसतो. त्यांना आपल्याच बरोबर कोडवर शंका घ्यायची सवय लागते, हे मला अजिबात सहन होत नाही.

पॅच मी टाकलाय. यादीच्या सगळ्या ओळी काढल्या, -एमएमडी -एमपी घातलं, खाली -इन्क्लूड, टाइप्स डॉट एच ला टच करून (म्हणजे नुसता तिचा टाइमस्टॅम्प नवा करून) कुठल्या कुठल्या फाईली परत कंपाईल झाल्या त्याचा लॉगही जोडलाय. त्यावर रिव्ह्यू आला, "रिलीज जवळ आलंय, आत्ता बिल्डला हात नको". रिलीज जवळ आलंय म्हणूनच तर हवाय तो! अर्धा जुना अर्धा नवा बायनरी टेस्टिंगला गेला तर कोण शोधत बसणार आहे? मर्ज करा तो.