हवामान नेहमीच बदलत आलंय. मान्य. पुढे?

"पृथ्वीचं हवामान नेहमीच बदलत आलंय, त्यात नवीन ते काय?"

हवामान बदलाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं आणि टाकणाऱ्याला वाटतं, चला, विषय मिटला. वाक्य शंभर टक्के खरं आहे. फक्त त्यातून जो निष्कर्ष काढला जातो, तो त्यातून निघत नाही.

मुळात हवामान पूर्वी बदलत होतं हे आपल्याला सांगितलं कोणी? हिमयुगं येऊन गेली, समुद्र शे-सव्वाशे मीटर खाली गेला आणि परत वर आला, हे सगळं भूवैज्ञानिकांनी आणि हवामानशास्त्रज्ञांनीच खणून काढलं. म्हणजे माहिती त्यांच्याकडून घ्यायची आणि ती त्यांनाच ऐकवून गप्प करायचं! हिमयुगं त्यांच्या हिशेबातून निसटली असतील, असं खरंच वाटतं का कोणाला?

बरं, पूर्वी बदललं ते का बदललं? "निसर्गाने" हे उत्तर नव्हे. निसर्गातसुद्धा काही उगाच होत नाही. पृथ्वीची कक्षा कधी जास्त लंबगोल होते, कधी कमी, आणि या फेऱ्याला साधारण १ लाख वर्षं लागतात. आसाचा कल ४१ हजार वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होतो. आसाची दिशाही वीस-पंचवीस हजार वर्षांत फिरून येते. कुठल्या अक्षांशावर कुठल्या ऋतूत किती ऊन पडणार, हे या तिघांच्या मेळातून ठरतं. मिलुटिन मिलान्कोविच नावाच्या सर्बियन गणितज्ञाने हा सगळा हिशेब हाताने केला, त्यातला बराचसा पहिल्या महायुद्धात बुडापेस्टमध्ये नजरकैदेत असताना. आपल्याला मोकळ्या वेळात काय सुचतं आणि त्यांना काय सुचलं, जाऊ दे.

तर, "नैसर्गिक चक्र आहे" म्हणणाऱ्यांनी हे चक्र आत्ता काय सांगतंय तेही बघावं. त्या हिशेबाने उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात पडणारं ऊन गेली कित्येक हजार वर्षं हळूहळू कमी होत चाललंय. चक्राच्या भरवशावर राहिलो असतो तर आपण अगदी सावकाश गारठ्याकडे सरकत असायला हवं होतं. आणि वेगाचं काय? सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. तिथून आजच्यासारखं हवामान यायला, म्हणजे जगाचं सरासरी तापमान पाचेक अंशांनी चढायला, जवळजवळ १० हजार वर्षं लागली. आता एक अंशाहून जास्त वाढ दीडशे वर्षांत झालीय आणि त्यातली बहुतेक १९७० नंतरची आहे.

पुढचा संशयित सूर्य. हा प्रश्न रास्त आहे, कारण ऊब येते तीच मुळी तिथून. पण १९७८पासून उपग्रह सूर्याचं तेज मोजतायत. ११ वर्षांच्या चक्रात ते साधारण ०.१ टक्क्याने वर-खाली होतं. गेल्या चार दशकांत ते वाढत गेल्याचं दिसत नाही, तापमान मात्र वाढत गेलंय.

याहून भारी पुरावा आपल्या डोक्यावर, काही किलोमीटर उंचीवर आहे. तो फारसा कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सूर्य तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं, अगदी वरचा स्थितांबराचा (स्ट्रॅटोस्फिअरचा) थरसुद्धा. कार्बन डायऑक्साइडमुळे मात्र उलटं व्हायला हवं. खालच्या दाट हवेत हा वायू जमिनीकडून वर निघालेली उष्णता अडवतो, त्यामुळे खाली तापतं. वरच्या विरळ हवेत तोच वायू उष्णता अवकाशात टाकून देतो, त्यामुळे तिथे गार होतं. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ साली, आजच्या मोबाइलपुढे काहीच नसलेल्या संगणकावर, हे गणित मांडलं होतं. वरच्या थरांवर लक्ष ठेवणारे उपग्रह तेव्हा नव्हतेच. नंतर मोजमापं आली आणि दिसलं काय, तर खाली तापतंय आणि वर गारठतंय. ओझोन विरळ झाल्यानेही स्थितांबर काही प्रमाणात गार झालं, हे खरं. पण सगळी घट, विशेषतः त्याच्या वरच्या भागातली, तेवढ्याने उलगडत नाही. मनाबेंना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सूर्यावर आळ घेणाऱ्याने आधी या गारठ्याचा उलगडा करावा.

ज्वालामुखींचा मुद्दा दोन ओळींत संपतो. जगभरचे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही. मोठा स्फोट झालाच तर उलट गार होतं. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला आणि पुढची एक-दोन वर्षं जगाचं तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं.

मग येतो जरा अभ्यास केलेल्या माणसाचा मुद्दा, आणि मला तो मनापासून आवडतो. "माणूस सोडतो त्याच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड समुद्र, झाडं आणि माती सोडतात. मग दोष माणसाला का?" माहिती अगदी बरोबर. पण ही जमाखर्चाच्या वहीची फक्त एकच बाजू झाली. निसर्ग सोडतो तितकं परत घेतोही, सध्या तर त्याहून जास्तच घेतो. हे कळतं कसं? कोळसा, तेल, वायू किती जाळला याच्या नोंदी आहेत, जंगलतोडीचा अंदाज आहे. त्यातून निघालेला सगळा कार्बन डायऑक्साइड हवेत राहिला असता तर हवेतली वाढ आज दिसते त्याच्या जवळजवळ दुप्पट दिसली असती. दिसते निम्मी. उरलेला निम्मा समुद्र आणि झाडं गिळतायत. निसर्ग आपली जमा कमी करतोय आणि आपण वाढीचा आळ त्याच्यावरच घेतोय.

हा वायू आला कुठून, याचा स्वतंत्र पुरावाही आहे. जिवंत गोष्टींमध्ये कार्बन-१४ हा कार्बनचा एक प्रकार असतो. तो किरणोत्सारी असतो आणि दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडलेलं, त्यात तो उरलेलाच नसतो. त्यामुळे ते जाळलं की हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होत जाणार. हान्स सूस यांनी १९५५ मध्येच झाडांच्या वाढीच्या वर्तुळांत हे दाखवून दिलं. शिवाय हवेतला ऑक्सिजन अगदी किंचित, पण मोजता येईल इतका घटतोय. कुठेतरी काहीतरी जळतंय, हे त्यावरून कळतं. वायू ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून आला असता तर ऑक्सिजन असा घटण्याचं कारणच नव्हतं.

जुनी हवा कशी मोजतात हे अनेकांना थोतांड वाटतं. पण आहे सोपं. अंटार्क्टिकावर बर्फ पडतो, त्यावर पुढच्या वर्षीचा, त्यावर त्याच्या पुढचा. वजनाने खालचा दाबला जातो आणि साधारण पन्नास-शंभर मीटर खोलीवर मधल्या फटी बंद होऊन हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद लोरियुस यांनी सांगितलेली गोष्ट आहे. १९६५ मध्ये अंटार्क्टिकावर असताना त्यांनी व्हिस्कीच्या ग्लासात खोलवरचा जुना बर्फ टाकला. बर्फ वितळताना बुडबुडे फुटू लागले आणि त्यांच्या डोक्यात आलं, ही तर त्या काळची हवा! पुढे तीन किलोमीटरहून खोल छिद्रं पाडून बर्फाच्या नळकांड्या काढल्या गेल्या. प्रयोगशाळेत निर्वात भांड्यात तो बर्फ चिरडतात आणि सुटलेली हवा मोजतात. ८ लाख वर्षांचा हिशेब हाती आला. हिमयुगांत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत १८०च्या आसपास, उबदार काळात २८०च्या. तीनशेच्या वर जवळजवळ कधीच नाही. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा आकडा ३१५ होता. आज तो ४२०च्या पुढे आहे.

याच बर्फाचा आधार घेऊन उलटा प्रश्नही विचारला जातो. जुन्या नोंदींत आधी तापमान वाढायला लागतं आणि कार्बन डायऑक्साइड मागून वाढतो, त्याचं काय? अंटार्क्टिकातल्या काही नोंदींत तसं दिसतं, खरंय. तेव्हा सुरुवात कक्षेतल्या बदलाने झाली, समुद्र तापला, त्यातून वायू बाहेर पडला आणि त्या वायूने पुढची बरीचशी तापमानवाढ घडवली. या वेळी वायू आधीच बाहेर पडलाय, आपल्या चिमण्यांतून आणि गाड्यांतून. तापलेल्या समुद्राने आणि वितळणाऱ्या गोठलेल्या मातीने पुढे त्यात भर घातली तर? मला त्या जुन्या नोंदी धीर देत नाहीत, घाबरवतात.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही माझं भांडण आहे. कुठेही पाणी तुंबलं, दरड कोसळली की "क्लायमेट चेंज!" नाला बुजवून इमारत कोणी उभी केली, डोंगर उभा कोणी कापला, हे मग विचारायला नको. ज्यांनी उत्तर द्यायला हवं त्यांच्यासाठी तर ही आयती सबब झालीय. अतिवृष्टीची तीव्रता वाढायला तापमानवाढ कारणीभूत आहे, कारण हवा एका अंशाने तापली की जवळजवळ ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. पण पडलेल्या पाण्याला वाट न ठेवणं हे आपलं वेगळं कर्तृत्व.

आणि शेवटी समंजस लोकांची तडजोड: "थोडं निसर्गाचं असेल, थोडं माणसाचं." ऐकायला बरं वाटतं. पण आकडे तसं म्हणत नाहीत. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २०२१च्या अहवालानुसार १८५०–१९०० च्या तुलनेत २०१०–२०१९ या दशकापर्यंत झालेली वाढ साधारण १.०६ अंश, आणि त्यात माणसाचा वाटा १.०७. सूर्य आणि ज्वालामुखींचा वाटा जवळजवळ शून्य, फार तर ०.१ अंश इकडे-तिकडे. यात एक मेख आहे. निव्वळ हरितगृह वायूंनी केलेली वाढ याहून मोठी, दीड अंशाच्या आसपास आहे. मग बाकीची कुठे गेली? धुरातून गंधकाचे जे बारीक कण हवेत जातात, ते ऊन परतवतात आणि एरवी झाली असती अशी काही तापमानवाढ झाकून ठेवतात. म्हणजे गरम करणारे आपण आणि थोडं गार करणारेही आपणच.

हे कण फुप्फुसांना घातक, म्हणून ते कमी करणं भागच आहे. जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा २०२० मध्ये ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली गेली. त्यानंतर समुद्रांवरची झाकलेली तापमानवाढ किती उघडी पडली आणि २०२३-२४च्या विक्रमी तापमानात तिचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांमध्ये सध्या चांगलीच जुंपली आहे. ज्यांना वादाची हौस आहे त्यांनी तिकडे यावं. तिथे अजून खरोखर काही ठरायचं बाकी आहे.