हरित मैफल: पाच लिटर डिझेल वाचवायची सोपी कृती

हिवाळ्यात तुम्ही मोठी मैफल ठरवली आहे. नेरूळचं स्टेडियम, चाळीस हजार तिकिटं, परदेशी बँड. सगळं जुळत आलंय, आणि बँडच्या मॅनेजरनं ईमेलच्या शेवटी एक ओळ टाकली आहे: कार्यक्रम पर्यावरणपूरक हवा. घाबरू नका. पर्यावरणपूरक म्हटलं की काहीतरी कमी करावं लागतं, हा जुना गैरसमज आहे. उलट बरंच काही वाढवावं लागतं. फलक वाढवा, स्टॉल वाढवा, हिरवे टी-शर्ट घातलेली कॉलेजची पोरं वाढवा.

पहिला मान सायकलींना. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडनं मार्च २०२२ मध्ये कोस्टा रिकातून जो दौरा सुरू केला, त्यात प्रेक्षकांनी पेडल मारून आणि खास जमिनीवर उड्या मारून वीज तयार करायची सोय होती. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण तेव्हापासून बाद झाली; आता अंगणच कामाला लागलं आहे. सायकली, नाचायची जमीन आणि सौर पॅनेल मिळून एका कार्यक्रमात सरासरी १७ किलोवॅट-तास वीज मिळते, हा त्यांचाच हिशेब. तुमच्या-आमच्या बिलाच्या भाषेत १७ युनिट. दीड टनाचा एसी एक रात्र चालेल. ही वीज एका छोट्या मंचाला आणि कर्मचाऱ्यांचे फोन, लॅपटॉप चार्ज करायला जाते, असंही ते सरळ सांगून टाकतात. इथंच ते चुकले. तुम्ही आकडा सांगू नका, फोटो द्या.

कारण आकडा दिला की कोणीतरी भागाकार करतो. डिझेल जनरेटर लिटरमागे साधारण साडेतीन युनिट देतो. म्हणजे रात्रभराच्या पेडलिंगचे झाले पाच लिटर. मंचामागे पत्र्याच्या आड उभा असलेला ५०० केव्हीएचा जनरेटर पाऊण भारावर तेवढी वीज साडेतीन मिनिटांत काढतो. म्हणून सायकली मंचापुढे आणि जनरेटर मागे, ही मांडणी बदलू नका.

जनरेटर मागवताना 'असू दे जास्तीचा' हे तत्त्व सोडायचं नाही. साउंडवाल्याला विचारा, लाइटवाल्याला विचारा, एलईडी भिंतवाल्याला विचारा. प्रत्येकजण स्वतःच्या गरजेच्या दुप्पट सांगेल. त्या सगळ्याची बेरीज करा, वर बॅकअप म्हणून तेवढाच आणखी एक सेट घ्या आणि दोन्ही एकदम चालू ठेवा. मग प्रत्येकावर वीस-पंचवीस टक्केच भार येतो. इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, धुराड्यात काळा चिकट थर धरतो आणि लिटरमागचे युनिट घसरतात. सायकलवाल्यांनी वाचवलेले पाच लिटर साउंडचेक संपायच्या आत वसूल. क्लॅम्प मीटर लावून खरा भार मोजणं किंवा महावितरणकडे वेळेत तात्पुरत्या जोडणीचा अर्ज करणं, असले उद्योग पोस्टरवर दिसत नाहीत.

आता पाणी. 'स्वतःची बाटली आणा' अशी प्रेमळ सूचना तिकिटावर छापा. प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकांना मात्र त्यातलं काही कळवू नका. स्टीलची बाटली फेकून मारता येते, त्यामुळे ते ती जप्त करतील. दाराशी स्टीलच्या बाटल्यांचा ढीग आणि आत हिरव्या झाकणाची नवी बाटली विकत, यालाच चक्रीय अर्थव्यवस्था म्हणत असावेत. अमेरिकेत गस्टर बँडचे ॲडम गार्डनर आणि लॉरेन सुलिव्हन यांनी २००४ साली रिव्हर्ब नावाची संस्था काढली. ती अनेक बँडच्या दौऱ्यांबरोबर फिरते आणि बाटल्या पुन्हा भरून घ्यायची सोय मैदानातच लावते. पण त्यासाठी नळ मोजावे लागतात. चाळीस हजार माणसांनी तीन तासांत दोनदा बाटली भरायची, एका बाटलीला माणूस सरकण्यासकट पंधरा सेकंद धरायचे, तर शंभरावर नळ लागतात. तुम्ही चार लावा. रांग पाहून लोक विकतचं पाणी घेतील, आणि 'पाणपोईला उदंड प्रतिसाद' हे अहवालात खोटं ठरणार नाही.

पेले मक्याच्या स्टार्चपासून बनवलेले घ्या, 'मी मातीत मिसळतो' असं छापलेले. मिसळतातही, फक्त साठ अंशांच्या आसपास काही आठवडे चालणाऱ्या मोठ्या खत प्रकल्पात. सोसायटीच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये हे पेले वर्षभर तुमच्याकडे बघत राहतील. दिसायला ते नेहमीच्या पारदर्शक प्लॅस्टिकसारखेच, त्यामुळे सफाई कामगार ते बाटल्यांच्या पोत्यात टाकतो आणि पुनर्वापराला चाललेला चांगला माल नासतो. डिपॉझिट घेऊन स्टीलचे पेले दिले असते तर धुवायला टाक्या, माणसं आणि परत घ्यायला खिडकी लागली असती. कोण करणार?

वृक्षारोपणाला पर्याय नाही. प्रत्येक तिकिटामागे एक झाड, हे वाक्य मराठीत, इंग्रजीत आणि गायकाच्या तोंडून, तिन्ही प्रकारे चांगलं वाटतं. खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापवायचे असतात, दोन-दोन फूट लांब, रुंद, खोल. रोप पहिल्या चांगल्या पावसानंतर लावायचं आणि पुढचे तीन उन्हाळे पाणी द्यायचं. तुमचा कार्यक्रम जानेवारीत आहे, म्हणून रोप जानेवारीतच लावा, फावडं पाहुण्यांच्या हाती द्या आणि टँकरचा विषय काढू नका. जागा माळरानाची निवडा. तिथं 'काहीच नसतं'. म्हणजे गवत असतं, चिंकारा असतो, कुठे माळढोक उरला असेल तर तोही असतो, पण झाड नसतं, तेव्हा तो दोष दूर करा. पूर्वानुभव विचारला तर कर्नाटकचा द्या. कोल्डप्लेच्याच २००२ च्या अल्बममुळे झालेल्या कार्बन उत्सर्जनाची भरपाई म्हणून तिथल्या गावांत आंब्याची १०,००० रोपं लावायचं ठरलं होतं. चार वर्षांनी ब्रिटिश वर्तमानपत्रानं गावात माणूस पाठवला, तेव्हा पाण्यावाचून बरीच रोपं मेल्याचं कळलं. यातला धडा पाण्याचा नाही. गावाचं नाव जाहीर करू नये, हा आहे.

हे सगळं मनापासून केलंत की मुख्य गोष्टीकडे कोणाचं लक्ष जाणार नाही. मुख्य गोष्ट म्हणजे माणसं येतात कशी. रेडिओहेड या ब्रिटिश बँडनं २००७ साली स्वतःच्या अमेरिकेतल्या दौऱ्यांच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब करून घेतला, तेव्हा सर्वांत मोठा वाटा प्रेक्षकांच्या प्रवासाचा निघाला. आपल्याकडचं गणित पोस्टकार्डावर मावेल. पुण्याहून नेरूळला कारनं जाऊन-येऊन सुमारे २४० किलोमीटर. लिटरला पंधरा धरले तर सोळा लिटर पेट्रोल, लिटरमागे २.३ किलो, म्हणजे जवळपास ३७ किलो कार्बन डायऑक्साइड. पाच लिटर डिझेलचा होतो साधारण साडेतेरा किलो. एका गाडीनं जवळपास तीन रात्रींच्या सायकली गिळल्या. पार्किंगमध्ये अशा किती गाड्या आहेत ते मोजायला जाऊ नका. मोजायचंच असेल तर 'थेट उत्सर्जन' हा शब्द शिकून घ्या. ट्रक, विमानं, मंच, कलाकार आणि त्यांची माणसं आत, प्रेक्षक बाहेर. कोल्डप्लेनं जून २०२४ मध्ये जाहीर केलेली ५९ टक्के घट याच थेट उत्सर्जनातली आहे, २०१६-१७ च्या दौऱ्याच्या तुलनेत प्रत्येक कार्यक्रमामागे. घट खरी आहे, मेहनतीची आहे. तुम्ही मेहनत वगळून फक्त व्याख्या उचला.

प्रवासाचं खरंच काही करता येतं, हे मात्र कोणाला कळू देऊ नका. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात तिथल्याच मॅसिव्ह अटॅक या बँडनं २५ ऑगस्ट २०२४ ला क्लिफ्टन डाउनच्या मैदानावर कार्यक्रम केला. आधी मँचेस्टर विद्यापीठातल्या, हवामानबदलावर संशोधन करणाऱ्या टिंडल सेंटरकडून अभ्यास करून घेतला होता. कार पार्किंगच ठेवलं नाही. तिकिटं आधी आसपासच्या पत्त्यांवर राहणाऱ्यांना विकली, परतीसाठी जादा रेल्वेगाड्या ठरवल्या, मंच पूर्णपणे बॅटरीवर चालवला. लोक आले, नाचले, घरी गेले. असलं उदाहरण बैठकीत निघालं तर 'ते इंग्लंड आहे' म्हणून विषय संपवा. कोणी म्हणेल की जानेवारी २०२५ मध्ये अहमदाबादच्या कोल्डप्ले कार्यक्रमासाठी पश्चिम रेल्वेनं मुंबईहून विशेष गाड्या सोडल्याच होत्या. त्याला चहा सांगा. मागितल्यावर रेल्वे देते हे सिद्ध झालंय, म्हणून तर मागायचं नाही. रविवार निवडा, हार्बरचा मेगाब्लॉक आहे का ते पाहू नका. लाउडस्पीकर दहाला बंद करावाच लागतो, तर शेवटचं गाणं दहाला पाच कमी असताना सुरू करा. चाळीस हजार माणसं एकदम स्टेशनच्या दोन जिन्यांवर गेली की पुढच्या वेळी निम्मी आपोआप गाडी काढतील.

चाहत्यांना काय काम द्यायचं, हा नाजूक प्रश्न. शपथ द्या. सेल्फीची चौकट द्या. ध्रुवीय अस्वलाबद्दल हळवं करा, ॲमेझॉनबद्दल संतप्त करा. नेरूळचंच डीपीएस तळं, जिथं फ्लेमिंगो उतरतात आणि भरतीचं पाणी यायची वाट बुजली की जे सुकायला लागतं, त्याचा फलक लावू नका. लोक दुसऱ्या दिवशी रिक्षानं तिथं जाऊन पोहोचतील. लांबचं दुःख बरं, त्याला पत्ता नसतो.

चाहत्यांनी स्वतः डोकं चालवलं तर काय होतं ते कोरियन पॉपवाल्यांना विचारा. एकेका अल्बमच्या अनेक प्रती खपाव्यात म्हणून आत कलाकारांची वेगवेगळी फोटोकार्डं घालायची, ही तिथली रीत. २०२१ मध्ये केपॉपफॉरप्लॅनेट ही चाहत्यांची चळवळ सुरू झाली आणि पोरांनी नको असलेल्या सीड्या गोळा करून कंपन्यांना परत नेऊन दिल्या. तेवढ्यावर थांबले नाहीत. बीटीएस हा कोरियन बँड ज्या ह्युंदाई या मोटार कंपनीच्या जाहिरातीत दिसायचा, त्या ह्युंदाईनं इंडोनेशियातल्या अदारो कंपनीशी २०२२ मध्ये ॲल्युमिनियमसाठी समझोता केला होता. अदारोचा ॲल्युमिनियमचा कारखाना कोळशाच्या विजेवर चालणार होता. चाहते सह्या घेऊन मागे लागले. २०२४ मध्ये बातमी आली की समझोत्याची मुदत संपली आणि तो पुढे वाढवलेला नाही. बघा, पोस्टर जपून ठेवणारी मुलं करारातली कलमं वाचायला लागली की प्रायोजकाचा रात्रीचा घास उतरत नाही.

तुमच्याही गर्दीत असा एखादा निघेलच. चष्मा लावलेला, पाठीवर सॅक, पनवेलहून लोकलनं आलेला. तो माहिती केंद्रावर येऊन विचारेल की जनरेटरला डिझेल किती लागलं आणि गाड्या किती आल्या. त्याच्याशी वाद घालू नका. हसून त्याला मंचापुढे न्या, सायकलवर बसवा आणि गिअर जड करून ठेवा.