सुडोकूत अंदाज का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

नवशिक्यांसाठीच्या लेखात मी 'अंदाजाने एकही आकडा भरू नका' असं बजावलं आणि ते वाचून तुमच्या आठवीतल्या मुलीने सुडोकू सोडूनच दिलं, ही तुमची तक्रार. तुम्ही स्वतः खापरीला मेट्रोत बसता आणि बर्डी येईस्तोवर अंदाजपंचे का होईना, सगळी घरं भरता. शिवाय 'गणित कच्चं असेल त्याने या फंदात पडू नये' असंही लिहिलंत.

गणिताचं आधी संपवते. यात बेरीज नाही, वजाबाकी नाही; प्रत्येक ओळीत, प्रत्येक रकान्यात आणि तीन बाय तीन घरांच्या प्रत्येक चौकटीत १ ते ९ आकडे एकेकदाच यायला हवेत, एवढंच. आकड्यांच्या जागी क ते झ ही नऊ अक्षरं लिहिली तरी कोडं तेच राहतं.

अंदाजाबद्दल मात्र मी ठाम आहे. एका घरात ३ किंवा ८ येणार, आणि तिने ३ ठोकून दिला. चुकला तरी लगेच कळत नाही. त्या ३ च्या भरवशावर पुढची वीस-पंचवीस घरं बिनबोभाट भरतात आणि अगदी शेवटी एका ओळीत दोन ६ येऊन बसतात. आता खोडायचं काय? चूक कुठे झाली ते सापडत नाही, सगळंच पुसावं लागतं. पोरं खरी वैतागतात ती इथे.

तिच्याजवळ बसून एवढं दाखवा. वरच्या तीन चौकटी घ्या. डावीकडच्या चौकटीत ७ पहिल्या ओळीत आहे, उजवीकडच्या चौकटीत दुसऱ्या ओळीत. म्हणजे मधल्या चौकटीतला ७ तिसऱ्याच ओळीत येणार. तिथल्या तीन घरांपैकी एकात ४ छापलेला आहे. उरलेल्या दोनांपैकी एकाच्या रकान्यात खाली ७ बसलेला दिसतो. राहिलं एकच घर. बिनधास्त पेनने लिहू द्या.

कधी कधी एवढंच कळतं, की डावीकडच्या खालच्या चौकटीतला ५ आठव्या ओळीतल्या दोन घरांपैकी एकात आहे. कोणत्या, ते ठाऊक नाही. पण त्या ओळीत चौकटीबाहेरच्या सहाही घरांत ५ नाही हे पक्कं झालं, आणि पुष्कळदा तेवढ्यावर शेजारच्या चौकटीतला ५ हाती लागतो. एकही आकडा न लिहिता आपण पुढे सरकलेलो असतो! मला सुडोकूत याहून सुंदर काही वाटत नाही, आणि अंदाजाने भरणाऱ्याला नेमकं हेच कधी भेटत नाही.

अवघड कोड्यात 'इथे ३ मानून पाहू' असं करतात, ते वेगळं. तिथे मानलेला आकडा पेन्सिलने बारीक लिहून ठेवलेला असतो आणि विसंगती आली की ८ आपोआप सिद्ध होतो.

नीट रचलेल्या कोड्याचं उत्तर एकच असतं. त्यासाठी निदान १७ आकडे आधी द्यावेच लागतात, हे डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅग्वायर यांनी २०१२ मध्ये संगणकाकडून तपासून घेऊन दाखवलं. मुलीला अर्थातच त्याच्या दुपटीहून जास्त आकडे दिलेलं कोडं द्या. त्याआधी १ ते ६ आकड्यांची, सहा ओळी-सहा रकान्यांची छोटी जाळी दिलीत तर आणखी बरं. मेच्या सुट्टीत दुपारी कूलरसमोर बसून दोन-तीन सहज होतील. कुठे अडलीच, तर अर्धवट जाळीचा फोटो इथेच टाका. पुढचं घर कोणतं ते सांगणार नाही, कोणत्या ओळीकडे बघायचं तेवढं सांगेन.