मे महिना कितवा?

गणपती डावीकडे सरकून बसला होता. भाचीच्या लग्नाची पत्रिका, आणि गणपती असा कोपऱ्यात, एसटीत खिडकीची जागा धरल्यासारखा. "जरा मधे घे ना गं त्याला," ताई म्हणाली. तिला वाटलं, भिंतीवरची तसबीर सरळ करण्याइतकंच काम असेल. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

त्याचं असं झालं, वयाच्या ४४व्या वर्षी अकाउंट्सची नोकरी सांभाळून मी वेबसाइट बनवायचा तीन महिन्यांचा क्लास लावला. ही बातमी पुण्याहून सांगलीला पोचेपर्यंत 'धाकटी वेबसाइटी बनवते' अशी झाली होती. दाजींनी लगेच ठरवून टाकलं, छापील पत्रिका देवापुढे ठेवायला आणि मानाच्या घरांपुरत्या काढायच्या, बाकीच्यांना मोबाइलवर लिंक. मी नको म्हणायच्या आत त्यांनी प्रेसवाल्याला फोन करून आकडा कमी केला होता.

सुरुवातच अशी, की पहिल्या ओळीत 'श्री गणेशाय नमः' लिहिलं आणि पडद्यावर उमटली तिरप्या टोप्या घातलेल्या इंग्रजी 'ए'ची रांग. मजकूर यूटीएफ-८ मधला, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्या मावणाऱ्या साठवणीतला आहे हे सांगणारी एक मेटा ओळ वर घालायची राहिली होती. ती नसली की ब्राउझर आपल्या देवनागरीला युरोपातली कुठलीतरी लिपी समजून वाचत सुटतो. ओळ घातली, गणेशाय नमः परत आलं. सगळंच इतक्यात सुटलं असतं तर काय हवं होतं!

तर गणपती. मी सीएसएसमध्ये, म्हणजे पानावर काय कुठे आणि कसं दिसावं हे सांगायच्या भाषेत, 'टेक्स्ट-अलाइन सेंटर' लिहिलं होतं. दहा वेळा वाचलं, बरोबरच होतं. शाळेत आमच्या बाईंनी 'सेंटर'च्या शेवटी 'आर-ई' घोटून घेतलं होतं. 'ई-आर' लिहिलं की वहीत लाल रेघ. सीएसएसला लागतं अमेरिकन 'ई-आर'. 'कलर'मधला 'यू'ही त्याला खपत नाही. बरं, नसेल चालत तर तसं सांगावं ना! ते नाही. न पटलेली ओळ सीएसएस गुपचूप गिळून टाकतं आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं पुढे जातं. मानपानात काही राहिलं की आमच्या आत्या अशाच बसतात. विचारलं तर म्हणतात, "मला कुठे काय झालंय?"

'आर-ई'चं 'ई-आर' केल्यावर गणपती आडवा मधे आला. पण उभा? पडद्याच्या वरच्या कडेलाच चिकटलेला. मग फ्लेक्स नावाची मांडणीची सोय लावली, जस्टिफाय-कंटेंट सेंटर, अलाइन-आयटम्स सेंटर, सगळी स्पेलिंगं अमेरिकन. गणपती ढिम्म. दोन तासांनी क्लासमधला एकमेव उपयोगी मंत्र आठवला: काही कळेनासं झालं की डब्याला, म्हणजे पानावरची गोष्ट ज्या चौकटीत बसते तिला, लाल बॉर्डर द्यायची. दिली. आणि दिसलं, की मूर्ती ज्या डब्यात होती तो डबाच मुळी मूर्तीएवढा उंच होता. गणपती त्याच्या डब्यात दोन तास अगदी मधोमध बसलेला होता. सरकायला जागाच नव्हती. डब्याला 'मिन-हाइट १०० व्हीएच', म्हणजे निदान अख्ख्या पडद्याएवढा हो, असं सांगितलं आणि देव हलले. मी उठून खरंच हात जोडले.

एचटीएमएल, म्हणजे पानाचा मजकूर टॅगच्या खुणा घालून लिहायची भाषा, त्या मानानं आमच्या आजीसारखं. परिच्छेदाचा टॅग बंद करायला विसरलात तरी स्वतःच बंद करून घेतं, वर कुणाला सांगत नाही. पानाला हिशेब आणि हालचाल करायला लावणारं जावास्क्रिप्ट मात्र भांडतं, पण ते कन्सोल नावाच्या मागच्या खोलीत. एफ-१२ दाबून ती खोली उघडायची असते हे मला क्लासच्या दुसऱ्या महिन्यात कळलं. तोवर आत लाल अक्षरांत काय काय बोलून झालं असेल देव जाणे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लिंक आधी आपल्याच माणसांना पाठवली, चाचणी म्हणून. त्यात एक फॉर्म होता: मोठी माणसं किती, मुलं किती, म्हणजे पानांचा अंदाज येईल. कोल्हापूरच्या काकांचा पहिला फोन. "अगं, 'येतोय' दाबलं की समदं पुसालंय की!" फॉर्ममधलं बटण, वेगळं काही सांगितलं नाही, तर फॉर्म पाठवून पानच नव्यानं उघडतं, ते अडवायची ओळ मी लिहिली नव्हती. लिहिली. काकांनी चौथ्यांदा नाव भरलं.

संध्याकाळी दाजी यादी घेऊन बसले. आत्यांकडून येणार: ४२. यावर कुणालाच शंका आली नाही. आत्यांच्या बाबतीत ते अशक्य नव्हतं. दाजींनी नुसता एक उसासा टाकला आणि आचाऱ्याला फोन लावायला घेतला. पण पुढच्या ओळीवर ताई थबकली. "माईआजी दहा जण घेऊन येणार? अगं, त्या बाजूच्या वाडीतसुद्धा एकट्याच जातात!"

माईआजींनी भरलं होतं, मोठी १, मुलं ०. जावास्क्रिप्टनं एकाला शून्य जोडून १० केले होते. आत्यांची मोठी ४, मुलं २. खोक्यात भरलेला आकडा यंत्राच्या लेखी अक्षरंच असतात, इनपुटचा प्रकार 'नंबर' लिहिला तरीही. आणि अक्षरांमध्ये अधिकचं चिन्ह आलं की ते बेरीज करत नाही, शेजारी शेजारी चिकटवतं. वजाबाकी केली असती तर ४ मधून २ गेले, उरले २, असं सरळ उत्तर आलं असतं. म्हणजे हिशेब येतो, पण द्यायच्या वेळेलाच. वीस वर्षं अकाउंट्समध्ये काढून माझ्या हातून बेरीज अशी झाली, हे मी ऑफिसात अजून कुणाला बोललेले नाही. दोन्ही आकड्यांना 'नंबर'च्या कंसात घातलं, म्हणजे ही अक्षरं नाहीत, आकडे आहेत असं बजावलं, आणि आत्यांची माणसं ६ झाली. दाजी म्हणाले, "बघ, अजून काही कमी होतात का."

१ एप्रिलला लिंक वराकडे गेली. तासाभरात विहीणबाईंचा ताईला फोन. आवाज थंड.

"मुहूर्त बदललात का?"

"छे हो! १० मे, दुपारी १२ वाजून ३७ मिनिटं."

"मग तुमच्या पत्रिकेत 'लग्नाला उरले ७० दिवस' का येतंय? आम्ही मोजले, ३९ होतात. मधे अधिक महिना धरलाय, की एप्रिल फूल करताय?"

हा आकडा आमच्याकडच्या सगळ्यांनी आठवडाभर पाहिला होता. पण आमच्यात कुणाला दिवस मोजायची सवय नाही.

मी तारीख लिहिताना वर्ष, मग मे म्हणून ५, मग १० असं लिहिलं होतं. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, मे चार. पाच म्हणजे जून. तारीख मात्र एकपासूनच. १० म्हणजे १०. ही रीत जावा भाषेतून जशीच्या तशी उचललेली. ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला अवतार १९९५ च्या मे महिन्यात १० दिवसांत उभा केला होता. दहा दिवसांत आमच्याकडे रुखवताच्या करंज्या होत नाहीत, तेव्हा त्यांना नावं ठेवायची माझी टाप नाही. पण ऐन मे महिन्यात जन्मलेल्या भाषेला मे चौथा वाटावा, याला काय म्हणायचं!

पाचाचा चार केला. माझ्याकडे ३९ दिसू लागले. विहीणबाईंकडे ७०च. त्यांच्या फोननं जुनी फाइल जपून ठेवली होती. मी घरी कंट्रोल, शिफ्ट, आर दाबून सुटते. विहीणबाईंना फोनवर हे सांगायचं कसं, आणि सांगणार कोण? ताईनं दाजींकडे पाहिलं, दाजींनी माझ्याकडे. शेवटी मी फाइलच्या नावाला प्रश्नचिन्ह लावून पुढे 'व्ही बरोबर २' असं शेपूट जोडलं, म्हणजे ब्राउझरला ती वेगळीच फाइल वाटते. मग ताईनं पुन्हा फोन करून, "जरा उघडून बघता का हो," एवढंच म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "हं. आता ३९ आहेत."

लग्न मेमध्येच लागलं. आत्यांकडून नऊ जण आले. फॉर्ममध्ये सहाच होते, पण त्यात जावास्क्रिप्टचा दोष नाही.

१३ तारखेला विहीणबाईंचा मला मेसेज. शब्द एकही नाही, नुसता स्क्रीनशॉट. मधोमध गणपती, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, 'लग्नाला उरले -३ दिवस'.