दुकानात वायजीचं मॉडेल मागितलं की 'डिझेल आहे, देऊ?'

गोव्याच्या सीमेवरचा ब्रागांझा रेल्वेघाट, तोही जुन्या मीटरगेजच्या काळातला, मॉडेलमध्ये उभा करायचा म्हटलं की घोडं इंजिनापाशीच अडतं. कुळे ते कॅसल रॉक, 1:37 चा चढ, म्हणजे दोन मीटर रुळामागे 54 मिलिमीटर उंची. प्लाय कापून तेवढी होते. दूधसागराचा पूलही होतो. पण वायजी, म्हणजे मीटरगेजचं मालगाडीचं वाफेचं इंजिन, कुठून आणायचं?

'एचओचं कुठलंही घ्या, रंगवा,' म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. अहो, एचओ म्हणजे 1:87 प्रमाणाचं मॉडेल. तिथला 16.5 मिलिमीटरचा रूळ खऱ्या 1435 मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचा. एक मीटर रुंदीच्या मीटरगेजला 12चा लागतो! स्वित्झर्लंडच्या मीटरगेज गाड्या त्या मापात कधीपासून तयार मिळतात. आमची प्रवासी गाड्यांची वायपी आणि मालगाड्यांची वायजी मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही.

मग जुगाड. जपानी डी51 इंजिनाच्या मॉडेलची 12 मिलिमीटरवाली चेसिस घ्यायची. चाकांची मांडणी तीच, 2-8-2: पुढे दोन छोटी, मध्ये आठ मोठी, मागे दोन. पण डी51 चं मोठं चाक 1400 मिलिमीटरचं, वायजीचं 1219चं. मॉडेलात 16 आणि 14. दोनच मिलिमीटर? त्या दोनांपायी फूटप्लेट (बॉयलरच्या बाजूची चालायची पट्टी) वर सरकते, बॉयलर उंटासारखा उंचावतो आणि वायजीचा ठेंगणा, दणकट बांधा गेला उडत. वर थ्रीडी प्रिंटचं कवच हलकं. बॉयलरमध्ये शिसं भरलं नाही तर चढावर चाकं जागच्या जागी गरगर फिरतात. शिसंही मोठ्या चाकांच्या मधोमध हवं, नाहीतर पुढची चाकं उचलतात.

एवढं करूनही बघणारा विचारणार, 'ही कोकण रेल्वे काय?'