परदेशी भाडेकरू नकोत, असा ठराव करण्याआधी

आपल्या आदरातिथ्याबद्दल मला जराही शंका नाही. पुण्यात शिकायला किंवा कामाला आलेला कुठल्याही देशाचा माणूस पहिल्या काही आठवड्यांतच सांगतो, की अनोळखी घरात त्याला चहा मिळाला, आग्रहाने जेवायला बसवलं, दिवाळीत शेजारून फराळाचं ताट आलं. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. हाच माणूस महिनाभराने घर भाड्याने मागायला आला की आपण बदलतो. चार दिवसांचा पाहुणा चालतो. रोज जिन्यात भेटणारा, सकाळी ओला-सुका कचरा वेगळा करून दाराशी ठेवणारा, आपल्याच नळाचं पाणी भरणारा शेजारी म्हणून तो चालत नाही.

मी परदेशी लोकांना मराठी शिकवते. घरी, जेवणाच्या टेबलावर. बरीच वर्षं. संशोधनासाठी आलेले जर्मन, अमेरिकन, जपानी असतात. कॉलेजात शिकणारे इराण, येमेन, सुदान, टांझानियाचे विद्यार्थीही असतात. त्यांना बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात बोलण्यापुरतं मराठी हवं असतं. शिकता शिकता त्यांचं रोजचं जगणं माझ्यासमोर उलगडतं, म्हणून लिहितेय.

मी बाराखडी नंतर घेते. आधी कोणाला काय म्हणायचं ते. भाजी विकणाऱ्या बाई मावशी, रिक्षावाले काका, आपल्याच वयाचा असेल तर दादा. एका जर्मन संशोधकाला हे फार अवघड गेलं. ज्या बाईचं नाव माहीत नाही तिला नात्याने हाक कशी मारायची, ही त्याची खरी अडचण होती. त्याने धीर करून मंडईत एकदा ‘मावशी’ म्हटलं, आणि त्या दिवसापासून त्याच्या पिशवीत न मागता कढीपत्ता पडू लागला. पुढे त्याला ताप आला तेव्हा ‘तुमचा तो गोरा पोरगा दिसला नाही’ अशी चौकशी त्याच मावशींनी शेजारच्या विद्यार्थ्याकडे केली.

जेवणाच्या पंगतीचे नियम तर कुठल्याच पुस्तकात नसतात. पहिलं ‘नको’ आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. दुसऱ्या ‘नको’ला ‘अर्धी तरी घ्या’ येतं. ताटावर हात आडवा धरल्याशिवाय वाढणं थांबत नाही, हे कळेपर्यंत ही मुलं पोट फुटेस्तोवर जेवतात. वरून पाणी पिणं, डाव्या हाताने काही न देणं, मान आडवी डोलवली तर तो होकार असू शकतो, हे हळूहळू जमतं. चपला दाराबाहेर काढणं जपान्यांना शिकवावं लागत नाही.

सगळ्यांना बिचकवतात ते आपले प्रश्न. लग्न झालं का? मुलं का नाहीत? पगार किती? घरी कोण कोण असतं? युरोपातून आलेल्या मुलीला सुरुवातीला ही उलटतपासणी वाटते. मी सांगते, की समोरचा तुला कुठे बसवायचं ते शोधतोय. तूही त्याला विचार, मुलगी कितवीत आहे, गाव कुठलं. जे उलट विचारतात त्यांना पुढच्या आठवड्यात घरी बोलावणं येतं, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

एक विनंती मात्र आपल्याच लोकांना. परदेशी माणूस मराठीत बोलला तर कृपा करून मराठीत उत्तर द्या. ‘दही आहे का?’ असं नीट विचारलं तरी उत्तर इंग्रजीत येतं. मराठी टिकावी म्हणून आपण इतकं बोलतो, आणि जो कष्ट करून ती शिकतोय त्याच्याशी ती बोलत नाही.

आता घराचं. भारतात लांबच्या मुदतीच्या व्हिसावर आलेल्या बहुतेक परदेशी नागरिकांना आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. त्यासाठी राहण्याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे बहुतेकदा भाडेकरार. करारासाठी डिपॉझिट द्यायचं, तर घरमालकाला ते बँकेतून हवं असतं. बँक खातं उघडायला पुन्हा राहण्याचा पुरावा! आणि खातं नाही तोवर आपलं नेहमीचं यूपीआय नाही. हातगाडीवर क्यूआर कोड लटकतोय, भाजीवाल्याकडे सुट्टे नाहीत, आणि हातात पाचशेची नोट घेऊन हा पोरगा उभा. या चक्रातून त्याला बाहेर काढू शकतो तो एकच माणूस: करारावर सही करणारा घरमालक.

तो घरमालक घाबरतो ‘पोलिसांच्या लफड्याला’. प्रत्यक्षात मुख्य काम एवढंच, की परदेशी भाडेकरू राहायला आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची. याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, पत्ता. मालकाने पोर्टलवर एकदा नाव नोंदवलं की पुढच्या वेळी अर्ध्या तासाचंही काम नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठीचा नवा कायदा लागू झाला, पण घर देणाऱ्याने कळवायचं हा नियम त्याआधीही होताच. शिवाय भाडेकरूची माहिती आपण नागपूरच्या मुलाचीही पोलिसांना देतोच. उलट परदेशी माणसाची कागदपत्रं आधीच इतक्या ठिकाणी तपासलेली असतात, की घरमालकाने निर्धास्त असावं. व्हिसा संपूनही राहणारे, गुन्ह्यात सापडणारे लोक नसतातच असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी कायदा आहे, आणि वेळेवर भरलेला सी-फॉर्म हीच त्या कायद्याला सर्वांत मोठी मदत आहे.

पण सगळ्याच परदेशी लोकांना घर नाकारलं जातं असंही नाही, आणि मला सर्वांत जास्त दुखतं ते इथे. माझ्या गोऱ्या विद्यार्थिनीला शनिवारवाड्यासमोर उभं राहणं मुश्कील होतं. सेल्फीसाठी रांग लागते, न विचारता कोणाचं तरी बाळ तिच्या कडेवर दिलं जातं. तो त्रासच आहे, तिलाही नको असतो. पण त्याच रस्त्यावरून माझी टांझानियाची विद्यार्थिनी चालते तेव्हा मागून आवाज येतात. बसमध्ये तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. कोणीतरी केसांना हात लावून बघतं. फोनवर ‘फ्लॅट रिकामा आहे, या’ म्हणणारे एजंट तिला दारात पाहिल्यावर ‘आत्ताच गेला’ म्हणतात. जर्मन मुलाला तोच फ्लॅट संध्याकाळी दाखवला गेला, हे मला दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं. २०१६ मध्ये बंगळुरूत टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला, २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण झाली. त्या बातम्या वाचून आपण ‘आपल्याकडे असं नाही’ म्हणतो. मारहाण झाली नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हे मला मान्य नाही.

आणि हे महाराष्ट्रात व्हावं? मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. त्याने निजामशाही सांभाळली, १६१० मध्ये खडकी वसवली, पुढे ती औरंगाबाद झाली. तिथली नहर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारी व्यवस्था, त्याच्या काळातली. जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकेतूनच आलेले. आफ्रिकन माणूस या मातीला नवा नाही.

कोल्हापूरकरांना तर हे सांगायलाच नको. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने घरादारातून उचलून सैबेरियाकडे धाडलेले पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले. त्यातल्या सुमारे पाच हजारांची वसाहत १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे होती. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. बराकी होत्या, शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. पंचगंगेच्या परिसरातल्या लोकांनी त्यांना भाजी, दूध, कापड विकलं, एकमेकांचे चार शब्द शिकून घेतले. त्यातली एक तरुणी कोल्हापुरात लग्न करून कायमची राहिली. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागेवर फाळणीत उखडलेल्या सिंधी कुटुंबांना निवारा मिळाला, ते आजचं गांधीनगर. महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. तेव्हा आपण काय श्रीमंत होतो? युद्धाचा काळ, रेशनचे दिवस. तरी जागा दिली.

पुण्याचं उदाहरण आणखी जवळचं. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला कावीळ झालेली पाहिली. एक मुलगी त्याला खिडकीतून डबा देत होती. परक्या गावात आजारी पडलेल्या त्या मुलाचा एकटेपणा त्यांच्या मनातून गेला नाही. परदेशी विद्यार्थ्यांना हक्काची जागा असावी म्हणून १९७१ मध्ये सिंबायोसिसची सुरुवात झाली. आज तिथे प्रवेशासाठी आपण आपल्या मुलांना रांगेत उभं करतो, पण मुळातली ती खिडकी कितीजणांना ठाऊक आहे?

परदेशी माणसाला आपल्यात राहू दिलं तर काय मिळतं, याचा हिशेब मांडणं मला आवडत नाही. तरीही मांडते. गी पॉइतवँ फ्रान्सहून आले, पुण्यात राहिले, भारतीय नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी मावळातल्या, मुळशीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. पिठाच्या गिरण्या आल्यावर ज्या ओव्या त्या बायकांबरोबरच संपल्या असत्या, त्या आज ऐकता येतात. जातिविरोधी चळवळींच्या अभ्यासक गेल ऑम्वेट अमेरिकेतून येऊन सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या, २०२१ मध्ये तिथेच वारल्या. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमध्ये घरोघर फिरून वस्तीतल्या मुलांना मराठी वाचायला शिकवलं, शाळा काढली. हॉटेलात राहून यातलं काहीच झालं नसतं. कोणीतरी त्यांना घर दिलं, अंगणात बसू दिलं, चुकीचं मराठी समजून घेतलं.

हे सगळं आज लिहायचं कारण: आमच्या भागातल्या एका सोसायटीत ‘परदेशी नागरिकांना फ्लॅट भाड्याने देऊ नयेत’ असा ठराव वार्षिक सभेपुढे येतोय. तिथल्या सभासदांनी एवढं लक्षात घ्यावं, की आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. सोसायटीला आधी कळवायचं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते शुल्क, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. रात्री गोंगाट होतो, पार्किंग अडतं, अशा तक्रारी असतील तर नियम सगळ्यांसाठी करा, पासपोर्ट बघून करू नका. आणि ‘त्यांच्या स्वयंपाकाचा वास येतो’ हे कारण सभेत कोणी मांडलं, तर त्याला उभं राहून विरोध करा. याच कारणाने या शहरात आपल्याच कितीतरी माणसांना घर नाकारलं गेलंय.

सी-फॉर्म भरायची भीती वाटत असेल तर मला मेसेज करा, मी घरी येऊन शेजारी बसून भरून देईन.

आत्ता एक तातडीची गरज आहे. सुदानचं एक जोडपं, तो गणेशखिंडच्या विद्यापीठात पीएच.डी. करतोय, तिला सातवा महिना आहे. औंध, पाषाण किंवा बाणेरला वन बीएचके हवाय, शक्यतो खालच्या मजल्यावर, कारण तिला जिने चढवत नाहीत. अकरा महिन्यांचा रीतसर नोंदणीकृत करार, सगळी कागदपत्रं तयार आहेत. दोघंही मराठी बोलतात, ती माझ्यापेक्षा चांगली भाकरी थापते. कुणाच्या माहितीत घर असेल तर आजच कळवा.