अर्ध्या वितीची गाडी

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर लांब आहे. त्यातले साधारण दोनशे मीटर आमचे. म्हणजे होते. कारंज्याच्या बाजूला काळंभोर वावर होतं. मोजणी झाली, सह्या झाल्या, मोबदला आला. त्या मोबदल्यात विहीर खोल झाली, पोरीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि मी मोटरसायकल काढून आपलं वावर आता कसं दिसतं ते पाहायला निघालो. नाक्यावरच्या पोरानं हात आडवा केला. या रस्त्यावर मोटरसायकल चालत नाही म्हणे. ट्रॅक्टर? तोही नाही. बैलबंडीचं विचारणार होतो, पण त्याचा चेहरा पाहून राहू दिलं.

"अरे, माझं वावर होतं ना बाबू तिथं!"

"असन नं काका. पण चारचाकी पाहिजे."

आता चारचाकीच पाहिजे म्हटल्यावर शहाण्या माणसानं एखादी उंच, दणकट, मागं ढेपेची चार पोती मावतील अशी गाडी घेतली असती. पण सहावीत असताना कटिंगच्या दुकानात आरशाशेजारी एका लाल, बुटक्या, जमिनीला चिकटलेल्या गाडीचं चित्र लावलेलं होतं. न्हावी कान कापतो की केस, याकडे माझं कधी लक्ष नसे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी उरलेला मोबदला, फाट्यावरचा एक प्लॉट आणि बँकेचा मोठेपणा एकत्र करून मी 2023 च्या दसऱ्याला नागपुरात जाऊन ती गाडी बुक केली. कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्या गावात त्या नावाचे पाच उच्चार आहेत आणि पाचही जणांनी ते पैजेवर लावलेले आहेत.

गाडी परदेशात तयार होऊन आख्खी इकडे येणार होती. अशा महागड्या आख्ख्या गाडीवर तेव्हा शंभर टक्के आयात शुल्क होतं. म्हणजे एक गाडी मी माझ्यासाठी घेतली आणि एक सरकारसाठी. सरकारनं आपली रोख घेतली.

"सहा महिने, सर," शोरूममधला कोटवाला पोरगा म्हणाला. आमच्याकडे सहा महिन्यांत तूर पेरून, सोंगून, डाळ करून वरणात पडते. मी हो म्हटलं.

मग माझी गाडी बोटीत बसली. पुतण्यानं मोबाइलवर जगाचा नकाशा काढून दिला. त्यावर बोटीचा एक बारका ठिपका होता आणि रोज सकाळी चहासोबत मी तो ठिपका पाही. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झालेले, त्यामुळे बोटी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालत होत्या. एवढ्या मोठ्या जगात भांडणाला हीच वेळ सापडली होती. आमच्या ओसरीवर रोज चार म्हातारे जमत आणि "कुठवर आली?" विचारत. गुढीपाडव्याला ती केप ऑफ गुड होपच्या जवळ होती. हे ऐकून मोठेबाबा म्हणाले, "मंग वापस काहून चालली?" त्यांना आफ्रिका समजावून सांगण्यात माझा पाडवा गेला.

नंतर कळलं, त्या बोटीत माझी गाडी नव्हतीच. ती पुढच्या बोटीत होती.

या वर्षभरात मी तिचं पुस्तक वाचून काढलं. चारशेच्या वर पानं. पहिल्या चाळीस पानांत नुसतं काय करू नये ते. तिच्यात 'लाँच कंट्रोल' नावाची चीज आहे. डावा पाय ब्रेकवर गच्च दाबायचा, उजव्यानं ॲक्सिलरेटर पार तळाला न्यायचा, आणि डावा पाय एकदम सोडायचा. गाडी सुटते ती गोफणीतल्या दगडासारखी. मी बाजेवर बसून पायाशी दोन विटा मांडल्या आणि रोज संध्याकाळी सराव केला. आईनं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी वाटीत तेल गरम करून आणलं आणि म्हणाली, "वात आहे रे बापा हा. तुह्या बाबालेही असाच धरला होता."

गावाला मात्र माझ्या सरावापेक्षा गाडीत काय नाही, यातच जास्त रस होता. पंक्चरवाल्याला मी सांगितलं की हिला स्टेपनी येत नाही. एक पंप आणि एक बाटलीभर डिंकासारखं रसायन येतं, ते टायरमध्ये सोडायचं. तो हातातली टामी खाली ठेवून बराच वेळ गप्प बसला. "भाऊसायेब," शेवटी म्हणाला, "एवढे पैसे घेतले अन् पाचवं चाक नाही देल्लं? तुम्ही मांगतलं नसन." मागच्या एका टायरची किंमत ऐकल्यावर त्यानं मला खुर्ची दिली. 2024-25 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये. त्या भावानं एका टायरमध्ये दहा-अकरा क्विंटल सोयाबीन. आणि तो भाव मिळतो कुणाला, हा वेगळ्या रडगाण्याचा विषय आहे.

मोठेबाबांची शंका वेगळी होती. त्यांना कळलं की इंजिन पुढे नाही, मागेही नाही. मधात आहे, सीटच्या पाठीशी. पुढे उघडलं तर डिक्की, मागे उघडलं तरी डिक्की. मला वाटलं, आता आफ्रिकेसारखा हाही दिवस जाणार. पण ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बराबर आहे. बंडीत माल मागं झाला तर बंडी उलाळ होते, पुढं झाला तर बैलाच्या मानेवर येते. वजन मधातच पाहिजे. कंपनीवाला शेतकऱ्याच्या पोटचा दिसते." चारशे पानांत हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या तरुणपणी आमच्याकडे शंकरपटाची जोडी होती. पटात पळणारी जोडी घरच्या नांगराला जुंपत नसत, तिला खुराक वेगळा, झूल वेगळी, आणि तिच्याकडून काम काय तर वर्षातून दोनदा काही सेकंद पळणं. त्यामुळे माझी गाडी त्यांना एकट्यालाच आतून समजली होती. खरेदीला घरातून एकच मत बाजूनं पडलं, ते त्यांचं.

खरा घोर पुस्तकाच्या मागच्या पानावर होता. गाडीचं पोट आणि जमीन यांच्यात अंतर फक्त बारा सेंटीमीटर. म्हणजे अर्धी वीत. एक बटण दाबलं की नाक आणखी दोन बोटं वर उचलतं, तेही गाडी हळू असेल तरच. मी एक तुराटी बरोबर बारा सेंटीमीटरवर कापली आणि ती खिशात ठेवून महामार्गाच्या नाक्यापासून घरापर्यंत पायी निघालो.

गतिरोधक सात निघाले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. म्हणजे चढतोय हे कळायच्या आत उतरावा, अशी कल्पना. त्या मापात आमच्याकडचा एकच बसला, आणि तोही झिजून. पिठाच्या चक्कीसमोरचा गतिरोधक घराच्या उरलेल्या सिमेंटातून उभा राहिलेला. उंची तुराटी आणि वर तीन बोटं, रुंदी दोन विटा. तो गतिरोधक नाही, तो बांध आहे. पुढे एकानं नळाचा पाइप रस्त्यातून आडवा नेऊन वर मुरूम लोटलेला. मी रस्त्यावर पालथा पडून एक डोळा मिटून माप घेत असताना पाठीमागे एसटी येऊन थांबली. कंडक्टर उतरला, माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "काका, काय हारपलं?"

सातही मापं वहीत उतरवली. श्रावणात पुन्हा मोजली तर एकही जुळेना. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्या मर्जीनं वरखाली होतो. उन्हाळ्यातलं माप पावसाळ्यात चालत नाही. मग पोळ्याला बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळताना सालदार म्हणाला, "भाऊ, गाडीच्या पोटालेही चोळू. घासली त निसटून तरी जाईन."

गाडी आली ती 2024 च्या दसऱ्यानंतर. नागपूरला आम्ही चौघं गेलो: मी, सौ., आई आणि पुतण्या. शोरूममध्ये गाडीवर लाल मखमल टाकलेली होती, ती ओढताना वाजंत्र्यांची ध्वनिफीत लावली. आईनं हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवला आणि आत डोकावून विचारलं, "अन् मी कुठं बसू?" सौ.नं माझ्याकडे पाहिलं. एक वर्ष मी चारशे पानांतलं सगळं सांगितलं होतं, दोनच सीट आहेत एवढं सोडून. भाड्याची जीप करावी लागली. सौ. आईला सोबत म्हणून जीपमध्ये बसली. ते निमित्त होतं. खरं म्हणजे ती माझ्या गाडीत बसली होती, पाच मिनिटं. "बसता येते," ती म्हणाली, "पण उठाचं काय?" तिला बाहेर काढायला मी आणि कोटवाला, दोघं लागलो.

तेव्हा शेजारच्या सीटवर पुतण्या, आणि मी समृद्धीवर. नव्या इंजिनाला सुरुवातीचे काही किलोमीटर जपायचं असतं, आणि वेगमर्यादा 120. घड्याळात 300 पर्यंतचे आकडे नुसते शोभेला होते, बैठकीतल्या बंदुकीसारखे. लेन ओलांडली की स्टिअरिंग हाताला हळूच ढुसणी देई, समोरच्या ट्रकजवळ गेलं की आपोआप वेग कमी करी. पुतण्या म्हणाला, "काकू गाडीत नाही, हे तिले समजलं वाटते."

कारंज्याच्या अलीकडे मी किलोमीटरचे आकडे पाहू लागलो. आमच्या वावराच्या धुऱ्यावरचं कडुनिंबाचं झाड कुंपणापलीकडे अजून उभं आहे. तिथून सुरुवात. खाली, रस्त्याच्या खाली, काही फुटांवर ती जमीन. बाबांनी उजवीकडून बैल वळवले की मी पाठीमागून पेरत जाई. एक तास, म्हणजे एक ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला जोडीला पाचेक मिनिटं लागत. मी मनातल्या मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पूल आला.

"काका, काही म्हणाले काय?"

"नाही. वावर होतं."

"कुठं?" तो मागे वळून पाहू लागला.

नाक्यावरून खाली उतरलो तेव्हा चार वाजले होते. वहीत सातही गतिरोधक लिहिलेले होते, तुराटी डॅशबोर्डवर होती. ऑक्टोबर महिना सोयाबीनचा असतो, एवढं मात्र शेतकऱ्याच्या पोराला सुचलं नव्हतं. अख्ख्या रस्त्याच्या अर्ध्या अंगावर दाणे वाळत घातलेले, आणि जनावरं, गाड्या येऊ नयेत म्हणून कडेनं दगड मांडलेले. दगडांचं माप घ्यायला तुराटी लागली नाही. उरलेल्या अर्ध्या अंगावरून ट्रॅक्टर येत होता.

मी नाक उचलायचं बटण दाबलं. नाक उचललं. कॅमेऱ्यात, मागेपुढे, चारी बाजूंनी सोयाबीन दिसत होतं. गाडी किंचाळू लागली. तोवर सगळं गाव जमलं. बायांनी खराटे आणले, पोट्ट्यांनी दगड उचलले. मोठेबाबा काठी टेकत पुढे आले आणि गाडीपुढे उलटे चालू लागले, हातवारे करत, पटाची जोडी मैदानात आणताना आणत तसे. "ये. ये. थोडी इकडं. हौ, हौ." मी त्यांच्या चालीनं गाडी नेली. चक्कीसमोर दोन फळ्या टाकल्या. पाइपवाल्यानं स्वतःहून मुरूम खणून पाइप उघडा केला. पोट एकदाच घासलं, पण त्या आवाजानं पुतण्याचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त उतरला.

गाडी गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये लागली. पंक्चरवाला सायकलचा एक जुना ट्यूब घेऊन आला आणि पुढच्या डिक्कीत ठेवून गेला. "राहू द्या," म्हणाला, "काहीच नसण्यापेक्षा."

सकाळी मोठेबाबा ओसरीवर तयार बसलेले. धोतर नवं, टोपी धुतलेली. "चाल, वावरात जाऊ." मी पांदणीची आठवण दिली. पांदणीत गुडघाभर चाकोऱ्या आहेत, तिथं अर्धी वीत काय करणार? त्यांनी मान हलवली, सालदाराला हाक मारली, बंडी जुंपायला सांगितली. मी त्यांच्याजवळ बसलो. देवळापाशी वळताना मला आठवलं की गाडीला कुलूप लावलेलं नाही. खिशातून किल्ली काढून लांबूनच दाबली. शेडच्या अंधारात दोन दिवे मिचकले.

"काय म्हणते?" मोठेबाबांनी विचारलं.

"कुलूप लागलं म्हणते."

"कायले लावतं?" बैलांच्या पाठीवर हात टेकवत ते म्हणाले. "सोयाबीन उचलल्याबिगर तिले नेईन कोण?"